आधी सॅलिनिटी, मग बाकीचे आकडे

समुद्री मत्स्यटाकीसाठी मिठाची नवी पिशवी उघडली, पाणी तयार केलं, कॅल्शियम तपासलं आणि चाचणीच्या किटने ४०० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) दाखवलं. पिशवीवर मात्र ४२५ छापलेलं. अशा वेळी राग मिठावर निघतो. पण त्या पाण्याची सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, ३५ पीपीटी (हजारात इतके भाग) ऐवजी ३३ असेल, तर मिठाचा काहीच दोष नाही. ४००ला ३५ने गुणा आणि ३३ने भागा, ४२४ येतात. मीठ ठीक आहे, पाणी पातळ झालंय.

हा हिशेब जमतो तो समुद्राच्या एका गुणामुळे. चॅलेंजर या संशोधन जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने रसायनशास्त्रज्ञ विल्यम डिटमार यांनी तपासले आणि १८८४मध्ये निष्कर्ष मांडले. समुद्र कमी खारा असो वा जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण जवळपास तेच राहतं. मीठ बनवणारेही तेच प्रमाण साधायचा प्रयत्न करतात. म्हणून कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, डीकेएच या एककात) यांतला कुठलाही आकडा सॅलिनिटीशिवाय वाचू नये. ३५ पीपीटीच्या नैसर्गिक समुद्रजलात कॅल्शियम साधारण ४१०-४२०, मॅग्नेशियम १२८०-१३०० पीपीएम आणि अल्कलिनिटी ७ डीकेएचच्या आसपास असते. कोरलसाठीच्या (प्रवाळासाठीच्या) बऱ्याच मिठांमध्ये अल्कलिनिटी मुद्दाम चढी ठेवलेली असते, ११-१२पर्यंत.

आता ही सॅलिनिटी ज्या रिफ्रॅक्टोमीटरवर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) मोजायची, त्याच्याबद्दल. बरेच जण त्यावर आरओच्या शुद्ध पाण्याचा थेंब टाकतात, रेष शून्यावर आणतात आणि निर्धास्त होतात. तेवढ्याने भागत नाही. बाजारात मिळणारी कितीतरी उपकरणं समुद्राच्या पाण्यासाठी नसून साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असतात. असं उपकरण शून्य बरोबर दाखवतं, पण ३५ पीपीटीचं समुद्रजल त्यावर ३६.५ दिसतं. मग आपण गोडं पाणी ओतत रेष ३५वर आणतो आणि टाकीत प्रत्यक्षात ३३.५चं पाणी जातं. म्हणून कॅलिब्रेशन ३५ पीपीटीच्या द्रावणानेच करायचं. विकतचं द्रावण हाताशी नसेल तर ३६.५ ग्रॅम शुद्ध, कोरडं सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम आरओ-डीआय पाण्यात (आरओ मेम्ब्रेन आणि मग उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन यांतून गेलेलं पाणी) विरघळवा. रिफ्रॅक्टोमीटरवर हे द्रावण ३५च्या समुद्रजलाइतकंच दिसतं. पाण्याच्या वीजवाहकतेवरून खारेपणा मोजणाऱ्या कंडक्टिव्हिटी मीटरला ते चालत नाही, त्यासाठी ५३ मिलिसीमेन्सचं द्रावण लागतं.

थेंब टाकण्यातही चुका होतात. काच मऊ कापडाने कोरडी करा, दोन-तीन थेंब टाका आणि झाकण एका बाजूने हळूहळू टेकवा, म्हणजे खाली बुडबुडा अडकत नाही. मग अर्धा मिनिट थांबा. थेंब उपकरणाच्या तापमानाला आला की निळ्या-पांढऱ्या भागांमधली सीमा ठळक होते. ती धूसर किंवा तिरकी दिसली तर आकडा न वाचता काच पुसा आणि परत करा. आपोआप तापमान-दुरुस्ती असली तरी उन्हात ठेवलेलं उपकरण वापरू नये. पाण्याच्या घनतेवरून खारेपणा दाखवणारा लोंबत्या काट्याचा हायड्रोमीटर स्वस्त पडतो, पण काट्याला चिकटलेला एक बुडबुडा आकडा वर नेतो आणि सांध्यावर साचलेलं मीठ काटा अडवतं. त्याच्यावर विसंबून मिठाची परीक्षा करू नये.

एका लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलं की ३५ पीपीटी होत नाही. मिश्रणातल्या मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडच्या स्फटिकांमध्ये पाणी बांधलेलं असतं, तेही वजनात मोजलं जातं. त्यामुळे लिटरला ३७ ते ४० ग्रॅम धरावे लागतात. २० लिटरला आधी ७०० ग्रॅम घाला, विरघळू द्या, मोजा, मग थोडं थोडं वाढवा. ३७ झालं तर गोडं पाणी किती लागेल? २० गुणिले ३७ भागिले ३५, उत्तर साधारण २१.१४, म्हणजे आणखी सव्वा लिटरला जरा कमी. मीठ वाटीने न घेता वजनकाट्यावर घ्या. उघड्या पिशवीतलं मीठ हवेतला ओलावा ओढतं, मग त्याच वजनात मीठ कमी आणि पाणी जास्त भरतं.

वाहतुकीत पिशवी हादरत राहते आणि बारीक-जाड कण वेगळे होतात. त्यामुळे वरच्या भागातून घेतलेल्या मिठाची अल्कलिनिटी एक आणि तळाच्या मिठाची दुसरी, असं होऊ शकतं. शक्य असेल तर पूर्ण पिशवी एकदाच वापरा. नसेल तर हवाबंद बादलीत ओतून ती बादली काही मिनिटं जमिनीवर गडगडवा. दोन वेळच्या मिश्रणांत फरक दिसला की आधी हेच कारण शोधावं.

मिसळताना पाणी आधी, मीठ नंतर. पंप चालू ठेवून मीठ हळूहळू सोडायचं. मिठाच्या ढिगावर पाणी ओतलं तर तळाशी फार तीव्र द्रावण बनतं, तिथे कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. पाणी दुधाळ होतं, हीटरवर आणि पंपावर पांढरं कवच चढतं. ते परत विरघळत नाही. याची खूण आकड्यांत पकडता येते: अल्कलिनिटी २.८ डीकेएचने घसरते तेव्हा कॅल्शियम फक्त २० पीपीएमने कमी होतं. म्हणजे ११चं ८.२ झालेलं लगेच डोळ्यांत भरतं, पण ४४०चं ४२० किटच्या चुकीत खपून जातं. म्हणून ताज्या मिश्रणात संशय आला की पहिली तपासणी अल्कलिनिटीची करा. पीएच मात्र लगेच बघू नका. हवेशी कार्बन डायऑक्साइडची देवाणघेवाण पुरी होईपर्यंत तो आकडा फसवा असतो. चढ्या अल्कलिनिटीचं पाणी हीटर लावून दिवसेंदिवस फिरवत ठेवलं तरी हेच कवच चढतं.

किट वापरताना सिरिंजच्या तोटीमुळे दट्ट्याखाली थोडी हवा राहते, ती चालते. आकडा बहुतेक किटमध्ये दट्ट्याच्या कडेशी वाचायचा असतो, द्रवाच्या पातळीशी नाही. थेंबाची बाटली उभी धरा, तिरकी धरली की थेंबाचा आकार बदलतो. नायट्रेटच्या किटमधलं एखादं रसायन तळाशी बसतं, ते जोरात हलवलं नाही तर नायट्रेट खोटंच कमी दिसतं. टाकीत नायट्राइट असेल तर उलट होतं, कारण ही चाचणी नायट्रेटचं नायट्राइट करूनच मोजते. फॉस्फरसचा आकडा पीपीबीमध्ये (अब्जात इतके भाग) देणाऱ्या डिजिटल मीटरवर ३.०६६ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. मीटरच्या काचनळीवर बोटांचे ठसे नकोत.

मूळ पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण) शून्य असायला हवा, हे सगळ्यांना माहीत असतं. पण मेम्ब्रेननंतरचा आणि डीआय रेझिननंतरचा आकडा वेगवेगळा मोजा, म्हणजे दोघांपैकी कोण थकलंय ते कळतं. नळाच्या पाण्यातलं जंतुनाशक क्लोरामाइन टीडीएस मीटरला दिसत नाही, कार्बन फिल्टर संपला असेल तर ते सरळ आत येतं. त्यासाठी एकूण क्लोरीनची चाचणी वेगळी करावी लागते.

टाकीत ८ डीकेएच आणि नव्या पाण्यात ११, तर १० टक्के पाणी बदलून ८.३ होतं. कोरलला हे सोसतं. ३० टक्के बदललं की तासाभरात ८.९, आणि फॉस्फेट-नायट्रेट अगदी कमी असलेल्या टाकीत कोरलच्या फांद्यांची टोकं जळण्याची भीती असते. एवढं अंतर असेल तर बदल १० टक्क्यांचेच करा, दोन बदलांमध्ये काही दिवस जाऊ द्या आणि पुढची पिशवी कमी अल्कलिनिटीच्या मिठाची घ्या.