शेफील्डच्या हिशेबात परळचा पैसा

आमच्या परळच्या इमारतीतल्या एका काकूंची लेक यंदा इंग्लंडला मास्टर्ससाठी निघाली आहे. फोनवर फी, थंडी, प्रेशर कुकर असं सगळं बोलून झाल्यावर काकूंनी जरा बिचकतच विचारलं, "तिथल्या लोकांना आपली मुलं जड होत असतील ना गं? बातम्यांत सारखं तसंच दाखवतात."

हा प्रश्न मला बऱ्याच घरांतून येतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते. नाही काकू, जड होत नाहीत. मी राहते ते शहर बऱ्याच अंशी आपल्या मुलांच्या पैशांवर उभं आहे, आणि ते शहरालाही ठाऊक आहे.

शेफील्ड हे यॉर्कशरमधलं, डोंगरउतारांवर वसलेलं पोलादाचं शहर. १९१३ मध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी इथेच स्टेनलेस स्टील तयार केलं, म्हणजे आपल्या मांडणीवरच्या ताटवाट्यांचं कूळ इथलं. १९८० मध्ये पोलाद कामगारांचा देशव्यापी संप झाला. पुढच्या काही वर्षांत भट्ट्या एकामागून एक बंद पडल्या आणि हजारो माणसं घरी बसली. हॅडफील्ड्सच्या पोलाद कारखान्याच्या जागेवर १९९० मध्ये मेडोहॉल नावाचा मॉल उघडला. गिरणगावात वाढलेल्याला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ चा संप, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार आणि फिनिक्स मिलच्या जागेवरचा मॉल आपण जवळून पाहिला आहे. माझे आजोबा साचेखात्यात होते.

पण शेफील्डकडे विद्यापीठ होतं, आणि तेही कामगारांनी उभारलेलं. १९०४ मध्ये पोलाद कामगार, खाणकामगार आणि साध्या घरांतल्या माणसांनी एकेक पेनी देऊन वर्गणी जमवली. ती पन्नास हजार पाउंडांच्या वर गेली आणि १९०५ मध्ये विद्यापीठाला सनद मिळाली. आपल्याकडे पैसा फंडातून तळेगावचा काच कारखाना निघाला, त्याच काळातली ही गोष्ट. आज इथली दोन विद्यापीठं शहरात सर्वांत जास्त नोकऱ्या देणाऱ्या संस्थांपैकी आहेत. भट्टीवर काम केलेल्या माणसाची नात विद्यापीठाच्या कार्यालयात, प्रयोगशाळेत किंवा वसतिगृहाच्या स्वागतकक्षात नोकरी करते.

शेफील्ड विद्यापीठाने २०१३ मध्ये ऑक्सफर्ड इकॉनॉमिक्स या संस्थेकडून एक अभ्यास करून घेतला. परदेशी विद्यार्थी शहराला काय देतात आणि शहराकडून काय घेतात, असा दोन्ही बाजूंचा हिशेब त्यात होता. सार्वजनिक सेवांवरचा खर्च वजा केल्यावरही शहराला वर्षाकाठी सुमारे १२ कोटी पाउंड उरत होते. पुढे २०२१ मध्ये लंडन इकॉनॉमिक्स या सल्लागार संस्थेने सगळ्या ब्रिटनचा हिशेब मतदारसंघवार मांडला. त्यात शेफील्ड सेंट्रल देशात पहिला आला. निव्वळ फायदा होता २९ कोटी पाउंड. त्यांच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१-२२ या एकाच वर्षात दाखल झालेल्या परदेशी विद्यार्थ्यांनी सगळा खर्च वजा जाता ब्रिटनला ३,७४० कोटी पाउंडांचा फायदा दिला.

हा पैसा फिरतो कसा ते रोज दिसतं. सप्टेंबर उजाडला की मूर या बाजाररस्त्यावरच्या दुकानांतून रजया, उशा, तवे संपतात. ब्रूमहिल आणि क्रुक्समधल्या घरांना भाडेकरू मिळतात. लंडन रोडवर चिनी, अरबी, भारतीय खाणावळी आणि किराणा दुकानं ओळीने आहेत. तिथे कढीपत्ता मिळतो, आणि त्या दुकानाचं भाडं, वीज, पोऱ्याचा पगार सगळं त्यातूनच निघतं. पदवीदानाला आईवडील येतात तेव्हा हॉटेलं भरतात, आणि ते पैसेही या अहवालांत धरलेले असतात. शिवाय हीच मुलं सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करतात. वृद्धाश्रमांत, गोदामांत, उपाहारगृहांत ज्या पाळ्यांना माणसं मिळत नाहीत, तिथे ती उभी असतात.

स्थानिकांची एक तक्रार मला रास्त वाटते. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला नगरपालिकेचा कर लागत नाही, मात्र कचरा त्यांचाही उचलावा लागतो. विद्यापीठाजवळची भाडीही चढतात. दवाखान्यांच्या गर्दीचा दोष मात्र या मुलांवर टाकू नये. व्हिसाच्या अर्जाबरोबरच प्रत्येक विद्यार्थी वर्षाला ७७६ पाउंड आरोग्य अधिभार भरतो, इथे पाऊल ठेवायच्या आधी.

सगळ्यात मोठी गोष्ट फीची. इंग्लंडमधल्या मुलांची पदवीची फी २०१७ पासून कितीतरी वर्षं ९,२५० पाउंडांवर गोठलेली होती. २०२५-२६ मध्ये ती ९,५३५ झाली. तेवढ्यात विद्यापीठाचा खर्च भागत नाही, संशोधनाचा तर नाहीच. ती तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या दुप्पट-तिप्पट फीमधून भरून निघते. यॉर्कशरच्या मुलाच्या प्रयोगशाळेचा काही खर्च डोंबिवलीतल्या तारण ठेवलेल्या वन बीएचकेमधून निघतो, असं मी म्हणते ते शब्दशः खरं आहे.

आणि इथेच या अहवालांचा हिशेब संपतो. पैसा निघाला कुठून, हे त्यांच्या कामाचं नाही. ते आपल्या कामाचं आहे. माझ्या वेळी बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून रक्कम काढली, आईने पाटल्या मोडल्या, उरलेलं कर्ज झालं. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांप्रमाणे परदेशी शिक्षणासाठी भारतीयांनी २०२३-२४ मध्ये ३४८ कोटी डॉलर बाहेर पाठवले आणि २०२४-२५ मध्ये २९२ कोटी. घटूनही एवढे. शेफील्डचा फायदा विद्यार्थी उतरतो त्या दिवसापासून जमा व्हायला लागतो. परळच्या घराचा फायदा नोकरी लागली तर, आणि तोही हप्ते फिटल्यावर. जोखीम सगळी आपल्या बाजूला आहे.

म्हणून काकू, तुमच्या लेकीने तिथे उपकाराखाली दबून वावरू नये. भरलेल्या पैशाचं शिक्षण तिने हक्काने मागावं. आत्ता, पैसे भरायच्या आधी, विद्यापीठाला लेखी विचारा: वर्गात किती मुलं, आठवड्याला प्रत्यक्ष तास किती, मागच्या वर्षीच्या मुलांना कसल्या नोकऱ्या लागल्या, व्हिसा नाकारला तर अनामत परत मिळते का. दादर-ठाण्यात "मोफत मार्गदर्शन" अशी पाटी लावलेल्या एजंटांना सहसा विद्यापीठाकडून कमिशन मिळतं. त्यामुळे तुमच्या मुलीला कोणतं विद्यापीठ योग्य, याचं उत्तर फक्त त्यांच्या तोंडून घेऊ नका.

नियमही झपाट्याने बदलताहेत. जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणि मुलं आणता येत नाहीत. शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारी दोन वर्षं १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळतील. इंग्लंडमधल्या विद्यापीठांना २०२८ पासून प्रत्येक परदेशी विद्यार्थ्यामागे वर्षाला ९२५ पाउंडांचा आकार भरावा लागणार आहे, पहिले २२० विद्यार्थी सोडून. तो शेवटी कुणाच्या फीमध्ये चढेल, हे वेगळं सांगायला नको. ज्या मुलांमुळे गावं चालतात त्यांनाच राजकारणात ओझं म्हणून उभं करायचं, हे मला इथे राहून फार लागतं.

दरम्यान, जून २०२५ मध्ये मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रं दिली गेली. त्यात यॉर्क आहे, इथून रेल्वेने तासाभरावरचं. नवी मुंबई विमानतळाजवळ सिडको त्यांच्यासाठी शिक्षणनगरी उभारणार आहे. मला ही बातमी मनापासून आवडली. मुलगी उलव्यात किंवा खारघरला राहिली तर तिचं भाडं, तिची भाजी, तिचा रिक्षाचा खर्च रायगड-ठाण्यातच राहील, आणि कर्जही निम्म्यावर येईल. पण शेफील्डसारखा दोन्ही बाजूंचा हिशेब नवी मुंबईतही आधी व्हायला हवा. विमानतळासाठी ज्या गावांनी जमिनी दिल्या त्यांच्या मुलांना तिथे किती जागा, किती सवलत आणि किती कायम नोकऱ्या, हे करारात आकड्यांनिशी यावं. नाहीतर गिरण्यांच्या जमिनींचं झालं तेच होईल. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा प्रत्येकी एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांना आणि घरांना मिळणार होता. २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली, तो हिस्सा फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला, आणि आमच्या चाळीतल्या बहुतेकांना ते कळलं तेव्हा टॉवर वर आले होते.