दिवाळीनंतरची शाळा आणि आमचा स्टाफ: माझा अनुभव

वाळवा तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत मी मुख्याध्यापिका आहे, म्हणजे वर्ग सांभाळून मुख्याध्यापिका, चौथी माझ्याकडेच. १५ जूनला शाळा भरते तेव्हा सगळ्यांना हुरूप असतो ओ, प्रवेशोत्सव, फुलं, नवी पुस्तकं. खरी कसोटी दिवाळीच्या सुट्टीनंतर. गळीत हंगाम सुरू होतो, बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात, त्यांची पोरं वर्षाच्या मधेच वर्गात येतात (आरटीईनं, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यानं, वयाप्रमाणे वर्गात बसवायचं, दाखल्यासाठी अडवायचं नाही, आणि ते बरोबरच आहे), त्यात ऑनलाइन माहित्या, कुणाला बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम, आणि ऑफिसात सगळे गप्प गप्प.

गेल्या वर्षी ठरवलं, भाषण द्यायचं नाही. 'झोकून देऊन काम करा' ऐकून कुणाचा हुरूप वाढलेला मी बघितला नाही, माझा तर नाहीच. नुसतं विचारलं, दिवसातला कुठला वेळ डोकं खातो? सगळ्यांचं एकच, खिचडीनंतरचा. कोण नळावर, कोण ताट धुतंय, कोण अजून ग्राउंडवर, वर्ग जागेवर येईस्तोवर निम्मी तासिका गेलेली असते आणि बाई एकदा ओरडायला लागल्या की पुढचा सगळा दिवस त्यांचा तसाच जातो.

मग सगळ्या वर्गांत सेम पद्धत लावली. सुट्टी संपायच्या जरा आधी एक इशाऱ्याची घंटा, ताट-हात धुवून आत यायचं, फळ्यावर दोन गणितं नाहीतर चार ओळी आधीच लिहिलेल्या, कुणी काही न सांगता वही काढायची. वह्या बघायला गटप्रमुख, तो दर सोमवारी बदलायचा. सुरुवातीला नुसती ह्याचीच प्रॅक्टिस घेतली, सहावीचे सर म्हणायचे, "मॅडम, सिलॅबस कधी संपवायचा?" पण टोळीतली नवीन पोरगी आली तेव्हा तिला आमच्यापैकी कुणी काही सांगितलंच नाही, शेजारणीनं हात धरून नळापासून फळ्यापर्यंत सगळं शिकवलं. त्या दिवसापासून सर सिलॅबसचं बोलले नाहीत.

स्टाफचं दुखणं वेगळं होतं, व्हॉट्सॲपचं. 'तात्काळ' लिहिलेला मेसेज आला की शिकवणं सोडून माणूस मोबाईलमध्ये. मी आल्या आल्या फॉरवर्ड करणं बंद केलं, साडेचारला सगळं एकदम सांगायचं, आणि माहिती भरायला आठवड्याला एकच जण, त्या वेळात त्याचा वर्ग बाकीच्यांनी वाटून घ्यायचा. वरून विचारणा झाली की बोलणी मी खायची, पगार त्याचाच आहे म्हणा ना. चहाच्या वेळी जो अहवालाचं नाव काढेल त्यानं शनिवारी सगळ्यांना भडंग आणायचं असंही ठरलं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की भडंगावर कांदा-कोथिंबीर टाकून तासभर नुसत्या गप्पा, मला वाटतं सगळ्यात जास्त फरक ह्यानंच पडला.

सगळं सुटलं असं नाही. बीएलओला माणूस गेला की पद्धत लागलेला वर्ग एखादा तास स्वतःचा स्वतः चालतो, दिवसभर नाही चालत, तिथं माणूसच लागतो. आणि मार्चमध्ये सकाळची शाळा झाली की वेळापत्रक बदलतं, परत घडी बसवावी लागते.

यंदा दिवाळीची वाट न बघता जूनलाच सुरू केलंय. इशाऱ्याची घंटा सहावीच्या सरांनी स्वतःहून मागून घेतली.