मेझेची वही: फावा, तारामा आणि वाया न गेलेला चक्का

8 फेब्रुवारी 2025, शनिवार

अथेन्सला येऊन दीड वर्ष झालं, तरी घरी कुणी आलं की अजून कांदेपोहेच होतात. म्हणून इथे जाहीरच करून टाकते, म्हणजे मागे फिरता येणार नाही. 3 मार्चला सोमवारची सुट्टी आहे, त्या दिवशी सहा जणांना घरी बोलवायचं आणि अस्सल मेझे, म्हणजे थोडे थोडे वाढायचे इथले पदार्थ, खिलवायचे.

मेझेला मी इतके दिवस 'स्टार्टर' म्हणत होते. स्टार्टरनंतर जेवण येतं, मेझेनंतर मात्र आणखी मेझे येतात. आपला चखणा त्याच्या जास्त जवळचा. शब्दही ओळखीचा निघाला. फारसीतला चवीसाठीचा शब्द तुर्कीतून इथे आला आणि 'मेझे' झाला, आपल्याकडे त्याचीच 'मजा' झाली.

आज फावा. नावावरून मी इंग्रजीतले फावा बीन्स, म्हणजे मोठ्या शेंगांचे दाणे शोधत होते. त्यांना इथे 'कुकिया' म्हणतात. फावा म्हणजे पिवळी डाळ आणि तिची सगळ्यात नावाजलेली जात सान्तोरिनी बेटाची, लॅथिरस क्लायमेनम या वेलाची. विदर्भकरांनी आता कान टवकारावेत, कारण आपली लाखोळी डाळ याच कुळातली. आपल्याकडे जिच्या विक्रीवर वर्षानुवर्षं बंदी होती, तिची चुलत बहीण इथे लेबल लावून दिमाखात विकली जाते. स्वस्तातल्या पाकिटात बऱ्याचदा पिवळा वाटाणा असतो, तेव्हा पाकीट वाचून घ्या.

पाव किलो डाळ कुकरला लावली, तीन शिट्ट्या केल्या. झालं वरण. हात हळदीच्या डब्याकडे गेला होता, वेळीच आवरला.

15 फेब्रुवारी

कुकर बाद. पातेल्यात पाव किलो डाळ, पाऊण लिटर पाणी, एक कांदा चार तुकडे करून. पहिली दहा मिनिटं नुसता फेस काढत उभी होते. मग मंद आचेवर पन्नासेक मिनिटं, मीठ शेवटी. खरी मेख आच कधी बंद करायची यात आहे. मी दाट होईपर्यंत थांबले, तर गार झाल्यावर सुरीने वड्या पडल्या. संध्याकाळी दुसरा घाणा काढला तो सैल पिठल्याइतका पातळ असतानाच उतरवला, मिक्सरमधून फिरवला आणि ताटलीत पसरला. अर्ध्या तासात चमच्याने खळगा करावा आणि तो तसाच राहावा, इतका बेतशीर झाला. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, केपर्स (खारवलेल्या आंबट कळ्या), लिंबू.

शेजारच्या आजींना (इथे सगळेच त्यांना याया म्हणतात, मीही म्हणते) वाटी नेऊन दिली. एक घास खाऊन म्हणाल्या, "कोरी मू (म्हणजे पोरी), कोणी आजारी आहे का घरात? तेल कुठेय?" मी एक चमचा घातलं होतं. त्यांनी खळग्यात तेलाचं तळं केलं. मग कळलं की ही डाळ लाडकी का आहे.

22 फेब्रुवारी

सकाळी कालिद्रोमिऊ रस्त्यावरचा शनिवारचा बाजार, मग तारामा आणायला एव्हरिपिदू रस्ता. तारामा म्हणजे खारवलेली गाबोळी. भडक गुलाबी दिसतो त्यात रंग घातलेला असतो. मी फिका, मळकट पांढरा घेतला.

100 ग्रॅम तारामा, शिळ्या पावाचा भिजवून घट्ट पिळलेला गर, चमचाभर किसलेला कांदा, एका लिंबाचा रस. मिक्सर चालू ठेवून तेलाची धार सोडायची. माझी धार जाड झाली आणि सगळं फाटलं, वर तेल तरंगायला लागलं. टाकून देणार होते, पण मेयोनेजचा उपाय आठवला: भांडं धुऊन त्यात पावाचा नवा गर घेतला आणि फाटलेलं मिश्रण चमचा चमचा करत आत सोडलं. जुळलं! आणखी एक धडा: नुसतं ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये फार फिरलं की कडवटतं, म्हणून आता तीन भाग सूर्यफूल आणि एक भाग ऑलिव्ह.

2 मार्च, रविवार

त्झात्झिकीसाठी, म्हणजे इथल्या दही-काकडीसाठी, किलोभर दही रात्रीच पंच्यात बांधून ठेवलं होतं. इथे घट्ट दही विकत मिळतं, पण चक्का बांधल्याशिवाय मला चैन पडत नाही. काकडी किसून, मीठ लावून पिळत होते तेवढ्यात याया आल्या. यादी बघून त्यांनी कपाळाला हात लावला. उद्याची सुट्टी म्हणजे 'कथारा देफ्तेरा', ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाचा पहिला दिवस. दूध, दही, चीज, अंडी, मांस, मासे सगळं वर्ज्य. चीज खायचा शेवटचा दिवस आज!

म्हणजे त्झात्झिकी, फेटा चीज, सागानाकी (तळलेलं चीज) एका फटक्यात यादीबाहेर. आत काय राहिलं? ज्यात रक्त नाही ते: ऑक्टोपस, माकूळ, शिंपल्या आणि चक्क तारामा. एकादशी अन् दुप्पट खाशी इथेही आहे तर.

सागानाकी आजच उरकलं. केफालोग्राव्हिएरा चीजचा बोटभर जाड तुकडा, गार पाण्यात बुडवून मैद्यात घोळवायचं आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी. (टेबलावर ब्रँडी ओतून पेटवायची तऱ्हा शिकागोच्या ग्रीक हॉटेलांतली.) चक्क्याचं श्रीखंड केलं, त्यात कोझानीचं केशर. रात्री अकराला यायांना वाटी दिली. बाराच्या आत रिकामी परत आली.

3 मार्च

एक वाजता सगळे आले. मी आठ पदार्थ आठ वाट्यांत काढून, प्रत्येकाला ताट मांडून तयार. याया आल्या आणि सहाच्या सहा ताटं उचलून ओट्यावर ठेवली. "सिगा सिगा," म्हणजे हळूहळू. मध्ये एकच ताटली, प्रत्येकाच्या हातात काटा, ती रिकामी होत आली की दुसरी.

आधी ऑलिव्ह आणि लागाना. हा तिळाचा चपटा पाव मुख्यतः आजच्याच दिवशी भाजतात, वर बोटांचे खळगे असतात. मग तारामा, मग फावा, मग बऱ्याच वेळाने व्हिनेगरमधला ऑक्टोपस. उझो या इथल्या दारूत आधी पाणी, मग बर्फ. पाणी पडताच ग्लास दुधाळ होतो आणि खोलीभर बडीशेपेचा वास. फावा दोनदा मागितली गेली. तारामा किंचित खारट होता, पुढच्या वेळी लिंबू वाढवणार.

साडेसहापर्यंत कोणी उठलं नाही. कमी पडेल या भीतीने मी सकाळीच मसालेभात करून झाकून ठेवला होता. तो रात्री आम्ही दोघांनी गरम करून खाल्ला.

मे महिन्यात द्राक्षाची कोवळी पानं येतील, तेव्हा दोल्मादाकिया, म्हणजे त्या पानांत भात गुंडाळून केलेल्या वळकट्या.