मेन्नेआच्या गावात, बार्लेत्तात

दक्षिण इटलीतल्या त्रानीला जवळजवळ सगळे पर्यटक उतरले. तिथलं समुद्रकाठचं पांढरं कॅथेड्रल बघायला लोक लांबून येतात. डब्यात उरलो मी आणि दप्तरं घेतलेली चार-पाच मुलं. बारीहून निघाल्यापासून ऑलिव्हच्या बागा संपत नव्हत्या, उजवीकडे मधूनच समुद्र डोकावत होता. पुढचंच स्टेशन बार्लेत्ता.

इटलीचा धावपटू पिएत्रो मेन्नेआ इथला. १९५२ चा जन्म, वडील शिंपी. स्टेशनजवळ कॉफी घेताना मी त्याचं नाव घेतलं, तर काउंटरवरच्या बाईंनी आधी माझा उच्चार सुधारला. ‘ने’वर जोर द्यायचा, मेन्नेऽआ! मग खुशीत बाहेरच्या रस्त्याकडे हात केला. पंधराएक वर्षांचा असताना हा मुलगा गावातल्या रस्त्यावर पन्नास मीटरची शर्यत चक्क मोटारींशी लावायचा आणि पोर्शेलाही हरवायचा, असं इथे सांगतात.

गंमत म्हणजे पुढे त्याची ओळख झाली ती उशिरा वेग पकडणारा धावपटू म्हणून. १९८० ची मॉस्को ऑलिंपिकची २०० मीटरची फायनल मी कितीदा पाहिली असेल! मेन्नेआ अगदी बाहेरच्या, आठव्या लेनमध्ये. आतल्या लेनमधला स्कॉटलंडचा ॲलन वेल्स वळणावरच त्याच्या पुढे निघून जातो. सरळ मार्ग सुरू होतो तेव्हा सगळं संपल्यासारखं वाटतं. आणि मग तो एकेक पाऊल अंतर तोडत येतो. २०.१९ सेकंद विरुद्ध २०.२१, आणि तो जिंकतो. प्रत्येक वेळी माझा श्वास अडकतो.

त्याचं नाव निघालं की लोक २०० मीटरचा १९.७२ सेकंद हा आकडा सांगतात. सप्टेंबर १९७९, मेक्सिको सिटी. हा विश्वविक्रम मायकेल जॉन्सनने मोडेपर्यंत, १९९६ पर्यंत टिकला. पण ते शहर सव्वादोन हजार मीटर उंचीवर, हवा विरळ, धावणाऱ्याला मदत करणारी. म्हणून मला १९.९६ हा आकडा जास्त प्रिय आहे. मॉस्कोनंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑगस्टला, समुद्रसपाटीवरच्या या बार्लेत्तात तो २०० मीटर तेवढ्या वेळात धावला. अमेरिकेने मॉस्कोवर बहिष्कार घातला होता, त्यामुळे त्याच्या सुवर्णाला कमी लेखणारे होतेच. त्यांना याहून चांगलं उत्तर कोणतं असणार? तेही आपल्या माणसांसमोर!

किल्ला भराभर पाहिला. चर्चबाहेरच्या त्या प्रचंड कांस्यपुतळ्यापाशी मात्र सावलीत बराच वेळ बसलो. डोक्यात रिले घोळत होती. एकट्याने झगडणाऱ्या या माणसाच्या हातात बॅटन आली की मला फार बरं वाटतं. मॉस्कोतच त्याने ४ बाय ४०० रिलेत कांस्य मिळवलं होतं. १९८३ ला हेलसिंकीच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ४ बाय १०० ला तिल्ली, सिमिओनातो, पावोनी आणि शेवटी एकतीस वर्षांचा मेन्नेआ. अमेरिका विश्वविक्रम करून पुढे निघून गेली, पण सोव्हिएत संघाला त्याने मागेच ठेवलं. इटलीला रौप्य, ३८.३७ सेकंद.

उद्या रोम. तिथलं संगमरवरी पुतळ्यांनी वेढलेलं स्टेडियम २०१३ मध्ये, तो गेला त्याच वर्षी, त्याच्या नावाचं झालं. शेजारीच ऑलिंपिक स्टेडियम. १९७४ ला युरोपियन स्पर्धेत मेन्नेआ तिथे २०० मीटर जिंकला होता, आणि त्याच्या चौदा वर्षं आधी तिथेच आपले मिल्खा सिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले होते. सकाळच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलंय.