द मीटर्स, बेसवर: जोसीचे तीन अल्बम संपले, 'रीजुव्हनेशन' सुरू

द मीटर्स या न्यू ऑर्लीन्सच्या फंक बँडचे अल्बम एकेक करून बेस गिटारवर वाजवतोय, आणि मागच्या नोंदीनंतर बरीच मजल मारली. १९६९चा पहिला अल्बम, मग 'लूक-का पाय पाय' आणि 'स्ट्रटिन', असा जोसी रेकॉर्ड्स या कंपनीकडचा अख्खा काळ रेकॉर्डबरोबर वाजवून झाला.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो 'सिसी स्ट्रट'ने. सूर अगदी सोपे. लिओ नोसेंटेलीची गिटार आणि जॉर्ज पोर्टर ज्युनियरचा बेस एकच तुकडा जोडीने वाजवतात. मेट्रोनोमवर हात बसतो, आणि रेकॉर्ड लावला की सगळं विस्कटतं! कारण झिगाबू मॉडेलिस्टचे ड्रम्स. त्याच्या सोळांशाच्या मात्रा धड सरळही नाहीत आणि पुरत्या शफलही (लांब-आखूड अशा झुलत्या) नाहीत, दोन्हींच्या मधे कुठेतरी पडतात. न्यू ऑर्लीन्सच्या मिरवणुकांतला सेकंड लाइनचा ठेका त्याच्या हातात मुरलेला. उपाय एकच सापडला: रेकॉर्डचा वेग कमी करायचा आणि सूर कुठे सुरू होतो यापेक्षा कुठे तोडायचा याकडे लक्ष द्यायचं. डाव्या हाताचं बोट तारेवरून जरासं उचललं की सूर बंद. पोर्टरचं निम्मं काम त्या उचलण्यात आहे.

सूर तोडल्यावर उरणारी ही मोकळी जागा आली कुठून? माझ्या मते स्टुडिओतून. ही मंडळी निर्माता ॲलन टूसाँच्या रेकॉर्डिंगचा घरचा बँड. गायक ली डॉर्सीच्या मागे वाजवलं, १९७३मध्ये डॉ. जॉन या गायकाच्या 'इन द राइट प्लेस' अल्बमवरही. गायकाला वाट करून द्यायची सवय अशी मुरली की स्वतःच्या, गायक नसलेल्या गाण्यांतही त्यांनी ती जागा रिकामीच ठेवली. आर्ट नेव्हिलचा ऑर्गनसुद्धा तिथे घुसत नाही.

१९७२मध्ये रीप्राइझ या रेकॉर्ड कंपनीकडे गेल्यावर गायन पुढे आलं. 'कॅबेज अ‍ॅली' मला विस्कळीत वाटतो, त्यावर फार रेंगाळलो नाही. 'रीजुव्हनेशन' (१९७४) मात्र खणखणीत! आता आवाज आहेत, ब्रास आहे, तरी 'जस्ट किस्ड माय बेबी'त बेस अजूनही श्वास घेतो. सध्या तेच घोटतोय. संथ गाण्यात गप्प राहणं जलद वाजवण्यापेक्षा अवघड, घाईने पुढचा सूर आधीच पडतो. 'इट एन्ट नो यूज' जवळपास बारा मिनिटांचं आहे, त्याला अजून हात लावलेला नाही.

पुढे 'फायर ऑन द बायू' (१९७५). तोवर सिरिल नेव्हिल बँडमध्ये आला होता, आणि त्याच सुमारास रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यात हे आधी वाजवायचे. १९७७चा 'न्यू डायरेक्शन्स' आणि त्याच वर्षीची फाटाफूट शेवटी घेईन. तो अल्बम नुसता ऐकला तेव्हा गुळगुळीत वाटला होता, प्रत्येक फट कशाने तरी बुजवलेली. पण पोर्टरच्या जागी उभं राहून वाजवल्याशिवाय पक्कं मत देणार नाही.

'जस्ट किस्ड'चं माझं रेकॉर्डिंग पुढच्या नोंदीत टाकतो. तुमच्यापैकी कुणी फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्याच्या, गुळगुळीत) तारांवर हे वाजवलंय का?