वाकळ कोणासाठी, थर किती

सध्या घरात तीन वाकळा, म्हणजे गोधड्या, एकदम शिवायला घेतल्या आहेत: नातेवाइकांतल्या तान्ह्या बाळाचं दुपटं, आजींसाठी पांघरायची वाकळ आणि होस्टेलवर निघालेल्या मुलीसाठी एक. तिन्ही जुन्या साड्यांच्याच, पण शिवण्याची रीत तिघांची वेगळी. वाकळ कोण वापरणार हे ठरल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये. थर, टाका आणि दोरा या तिन्ही गोष्टी त्यावर अवलंबून असतात.

आधी माप. सहावारी साडी साडेपाच मीटर भरते. तिचे दोन-दोन वारांचे तीन तुकडे केले की सहा फूट लांबीचे तीन थर मिळतात आणि साडीचा पन्हा तीच वाकळेची रुंदी, म्हणजे साधारण पावणेचार फूट. दोन साड्यांत सहा थरांची एकेरी वाकळ होते आणि मध्ये जोड येत नाही. नऊवार लुगड्याचे चार तुकडे होतात, प्रत्येक पावणेसात फुटांचा. उंच माणसासाठी म्हणूनच लुगडं बरं. तुकडे कात्रीने कापण्याऐवजी काठाला चीर देऊन फाडावेत. धाग्याच्या रेषेत सरळ फाटतात, आणि फाडतानाच कापड कुठे विरलंय तेही कळतं.

कापड सुतीच हवं. खात्री नसेल तर कडेचे दोन धागे काढून जाळून बघा. सुताला कागद जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची कडक गोळी होते. जॉर्जेट किंवा नायलॉनचा एखादा थर आत घालून जाडी वाढवायचा मोह होतो, पण तो थर घाम शोषत नाही आणि वर-खालच्या सुती थरांतून घसरत राहतो, मग टाके ताणले जातात. आपल्याकडच्या इरकली लुगड्यांचा पदर वेगळ्या सुताचा, बहुतेकदा रेशमाचा असतो आणि तो अंगाला जोडलेला असतो. तो काढून ठेवावा. तो वेगळा आटतो आणि लाल पदराचा रंग उतरण्याची भीती असते. रंगाची परीक्षा सोपी आहे: पांढरा फडका ओला करून कापडावर ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. फडक्यावर डाग आला तर ते कापड पाणी नितळ येईपर्यंत वेगळं धुवायचं. मीठ-तुरटीवर विसंबू नये, प्रत्येक रंगावर ती चालत नाही.

साडी सगळीकडे सारखी विरत नाही. पायाशी घासणारा खालचा काठ आणि निऱ्यांची जागा आधी जाते. विरलेले तुकडे आतल्या थरांना, दणकट तुकडे वर आणि खाली. उजेडाकडे धरून जाळी दिसली किंवा अंगठ्याने ताणल्यावर चरचर आवाज आला, तर तो तुकडा आतही घालू नये. तिथे टाका धरत नाही.

वरचं किंवा अस्तराचं कापड नवं घेणार असाल (इचलकरंजीचं सुती कापड कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारात सहज मिळतं), तर ते आधी रात्रभर पाण्यात भिजवून धुऊन वाळवा. नवं सुती कापड शेकडा तीन ते पाच आटू शकतं. दोन मीटरमागे ते सहा ते दहा सेंटिमीटर झाले. आतले जुने थर आटून झालेले असतात. न भिजवता शिवलं, तर पहिल्याच धुण्यात नवं कापड आकसतं आणि सगळी वाकळ चुण्यांनी भरते. यावर नंतर इलाज नाही, उसवावीच लागते.

थर लावणं हे खरं काम, शिवणं त्यापुढे सोपं. जमीन पुसून अस्तर उलटं पसरा, चारी कोपरे चिकटपट्टीने ताणून बसवा आणि एकेक थर मधून कडेकडे हाताने सारत लावा. सगळ्या थरांचा उभा धागा एकाच दिशेला हवा. एखादा थर आडवा गेला तर तो वेगळा ताणतो. मग सहा-सहा इंचांवर उभे-आडवे कच्चे टाके. याचा कंटाळा केला की बाहेरून आत फेरे घालत शिवताना सगळी ढिलाई मधे ढकलली जाते आणि शेवटी वाकळेला पोट येतं. जुन्या बायका बाहेरूनच आत शिवत आल्यात, पण त्या कापड सतत ताणून धरायच्या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायकांची कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, हीही कडेपासून आत जाते. तिथे ठिगळं शिवता शिवताच लावत जातात, त्यामुळे ढिलाई त्या ठिगळांत जिरते. आपण पूर्ण साडीचा थर वर घेतो, तेव्हा ती सोय नसते. हात बसलेला नसेल तर मधून सुरुवात करून बाहेर जा. दोन-तीन ओळी झाल्या की खालून हात फिरवा. अस्तराला चुणी पडली असेल तर तिथेच कळते.

दोरा सुतीच. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही हा त्याचा गुण नाही, जुन्या कापडावर तो दोषच. ताण आला की तो कापडालाच कापतो, सुती दोरा मात्र आधी स्वतः तुटतो. रिळाचा बारीक दोरा असेल तर दुहेरी घ्या आणि मेणावरून एकदा ओढा. एका वेळी हातभर, फार तर दीड हात. लांब दोरा पिळतो आणि नेढ्यापाशी झिजतो. लागतो किती? सहा बाय पावणेचार फुटांवर एक-एक इंच अंतराने ओळी घातल्या तर ओळींचीच लांबी 82 मीटर होते. वर-खाली जाणारा टाका आणि गाठी धरून 100 मीटर समजा, दुहेरी दोऱ्याला 200. अर्ध्या इंचावर ओळी घेतल्या की हे दुप्पट. एकाच रंगाचा दोरा पुरेसा आधीच आणून ठेवा, दुसऱ्या खेपेला तीच छटा मिळेल याची खात्री नसते. सुई लांब आणि मजबूत हवी, पण दाभण नको. त्याची भोकं राहतात. मधल्या बोटाला अंगुस्तान घाला, सहा थरांत ते नसलं तर दुसऱ्या दिवशी सुई धरवत नाही.

बाळाच्या दुपट्याला तीन फूट बाय तीन फूट आणि तीनच थर पुरे, मऊ झालेल्या धोतराचे किंवा मलमलीचे. इथे टाका बारीक आणि ओळी जवळ. लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं आणि सुटलेला दोरा बोटाला आवळला जातो. टिकल्या, बटणं, आरसे काही नको. दुपटं खाली अंथरायला. तान्हं बाळ झोपलेलं असताना सैल पांघरूण त्याच्या तोंडावर येऊ शकतं.

आजींच्या वाकळेत चुकतं ते वजनात. आठ-दहा थर म्हणजे माया जास्त असं वाटतं, पण ती ओली झाली की उचलत नाही, म्हणून धुतली जात नाही. ऊब थरांमधल्या हवेने येते. ओळी फार दाट घातल्या की हवा दबते आणि वाकळ जड, पण थंड होते. पाच-सहा थर आणि दीड इंचावर ओळी ठेवा. थंडी जास्त पडली तर एका जाड वाकळेपेक्षा दोन पातळ केव्हाही बऱ्या. टाका तांदळाच्या दाण्याएवढा, इंचात दोन-तीन.

होस्टेलची वाकळ मशीनमध्ये धुतली जाणार, तेव्हा ओळी पाऊण इंचावर आणि कडेला दुहेरी गोट. शिलाई मशीनवर करायची असेल तर 16 किंवा 18 नंबरची सुई, टाका साडेतीन-चार मिलिमीटर, कापड दाबणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब कमी. मशीन वरचा थर पुढे ढकलते, म्हणून सहा थरांपुढे तिच्या नादी लागू नका. गोटासाठी अडीच इंची पट्टी दुमडून घ्या. कोपरे गोल असतील तर उरेब, म्हणजे तिरकी कापलेली पट्टी, सरळ असतील तर साडीचा काठ चालतो. वाकळेचा घेर जवळपास सहा मीटर आणि काठ साडेपाच मीटरचा. तो अर्धा मीटर कमी पडतोच, जोड कोपऱ्यापासून दूर घ्या.

धुणं आणि वाळवणं मृग लागायच्या आत उरका. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टात जाड वाकळ आतून वाळत नाही आणि मग काळे ठिपके पडतात, ते सहसा जात नाहीत. दोरीवर टांगू नका, ओल्या वजनाने टाके ताणतात. कट्ट्यावर आडवी घाला आणि दुपारी उलटा. ठेवताना वाळलेला कडुनिंबाचा पाला घाला. बाळाच्या दुपट्यात डांबरगोळ्या नकोत. वरचा थर फाटला तर वाकळ उसवू नका, त्यावर नवी साडी पसरून आधीच्या ओळींच्या मधून शिवा. दुसऱ्यांदा हीच वेळ आली की वाकळ जड होते, मग ती अंथरायला घ्या आणि पांघरायला दुसरी काढा.