सगळ्या विहिरी गुणिले ०.८५

एखाद्या जर्नलकडून रिव्ह्यूचं, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासून अभिप्राय द्यायचं, निमंत्रण येतं तेव्हा मेलमध्ये फक्त शीर्षक आणि सारांश असतो. हो म्हटल्याशिवाय हस्तलिखित उघडत नाही. मला आलेला पेपर मांजरा खोऱ्यातल्या विहिरींच्या पाण्यावर होता. उन्हाळ्यातले नमुने, पावसाळ्यानंतरचे नमुने, नायट्रेट, फ्लोराइड, सामू (पीएच), क्षार. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते आणि माझं स्वतःचं काम तेरणा खोऱ्यात आहे; तेरणा पुढे मांजरेलाच मिळते. म्हणजे विषय अगदी हातातला. हो म्हणायला मला वेळ लागला तो त्यामुळेच.

जर्नल दुहेरी अंध पद्धतीचं होतं. लेखकाला माझं नाव कळणार नाही, मला लेखकाचं नाही. पण सारांशात तालुका लिहिलेला होता. मराठवाड्यात भूजलावर काम करणारी माणसं असून असून किती असणार? छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ, नांदेडचं विद्यापीठ, परभणीचं कृषी विद्यापीठ आणि आमच्यासारखी कॉलेजं. सेमिनारला दरवर्षी तीच तोंडं. तालुक्याचं नाव वाचलं की नमुने गोळा करायला कोणाची गाडी तिकडं जाते, याचा अंदाज येतोच. नाव झाकल्यामुळे ओळख झाकली जात नाही, निदान आमच्याकडे तरी नाही.

मग संपादकांना लिहिलं: लेखक कोण असावेत याचा मला अंदाज आहे. त्यांच्यासोबत माझा एकही पेपर नाही, प्रकल्प नाही, नातं नाही. मात्र माझं काम शेजारच्याच खोऱ्यात चालू आहे, म्हणजे एका अर्थाने मी स्पर्धक आहे. चालणार असेल तर करते, नसेल तर दुसरं नाव सुचवते. हितसंबंध म्हटलं की आपल्याला मैत्री आणि भाऊबंदकीच आठवते. स्पर्धाही त्यातच मोडते, हे फार कमी लोक धरतात. संपादकांचं उत्तर आलं, ‘कळवल्याबद्दल आभार, पुढे चला.’ मुदत तीन आठवड्यांची.

पहिलं वाचन बरं झालं. प्रस्तावना नेहमीचीच, बेसाल्टचा थर, उथळ विहिरी, खतांचा वापर. भाषा नीट होती. तक्ते दोन होते, एक मे महिन्याचा, एक ऑक्टोबरचा.

पाण्याच्या विश्लेषणाचा कुठलाही पेपर आला की मी आधी एक गोष्ट करते. मिलिग्रॅममधले आकडे मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे विद्युतभाराच्या हिशेबात, करून घेते. कॅल्शियमला २० ने भागायचं, सोडियमला २३ ने, क्लोराइडला ३५.५ ने, बायकार्बोनेटला ६१ ने, नायट्रेटला ६२ ने. मग धन आयनांची (धन भार असलेल्या विरघळलेल्या कणांची) बेरीज आणि ऋण आयनांची बेरीज समोरासमोर ठेवायची. पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असतं, त्यामुळे दोन्ही बेरजा जवळपास सारख्या यायला हव्यात. पाच टक्क्यांच्या आत फरक आला की विश्लेषण चांगलं, दहापर्यंत गेला तरी काही जण चालवून घेतात. मे महिन्याच्या तक्त्यात कुठं दोन टक्के, कुठं चार, एका विहिरीत साडेसहा. प्रयोगशाळेत खरंच काम झालं की असंच येतं. मला बरं वाटलं.

ऑक्टोबरचा तक्ता घेतला. पहिल्या विहिरीचा फरक मे महिन्याइतकाच आला. दुसरीचा, तिसरीचाही. ज्या विहिरीत मेमध्ये साडेसहा टक्के होता तिच्यात ऑक्टोबरमध्येही साडेसहा, दशांशासकट. मला वाटलं, मीच चुकून जुना रकाना उचलला. पुन्हा केलं. तेच.

मग आकडे शेजारी शेजारी ठेवले. नायट्रेट मेमध्ये ६८, ऑक्टोबरमध्ये ५७.८. ५२ चे ४४.२. ४९ चे ४१.६५. क्लोराइड, सल्फेट, कॅल्शियम, सगळीकडे तोच भागाकार, ०.८५. सगळे आयन एकाच पटीत कमी केले तर दोन्ही बेरजाही त्याच पटीत कमी होतात आणि टक्केवारी जागच्या जागी राहते. म्हणजे नुसती ऑक्टोबरची तपासणी केली असती तर तक्ता निर्दोष दिसला असता.

आणि सामू! मेमध्ये ८.२, ऑक्टोबरमध्ये ६.९७. ७.८ चा ६.६३. सामू ही लॉगरिदमची मोजपट्टी आहे, तिला कोणी ०.८५ ने गुणत नाही. एक एकक खाली येणं म्हणजे आम्लता दहापट होणं. मे महिन्यात एक दशांश स्थळ वाचणारं यंत्र ऑक्टोबरमध्ये दोन वाचायला लागलं, तेही प्रत्येक विहिरीत. मी टेबलावर हात आपटून हसले, आणि लगेच हसू गेलं.

कारण हा पेपर नुसता आकड्यांचा नव्हता. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. भारतीय मानक १०५०० मध्ये तिला सवलत दिलेली नाही. मेमध्ये ४६ ते ५२ च्या दरम्यान असलेली प्रत्येक विहीर त्या गुणाकाराने मर्यादेच्या आत येत होती. निष्कर्षात लिहिलं होतं की पावसाळ्यानंतर बहुतेक विहिरी पिण्यास सुरक्षित होतात. आमच्याकडे नेमकं उलटंही होतं. खरिपात टाकलेला युरिया आणि विहिरीच्या कडेचे उकिरडे पहिल्या मोठ्या पावसांनी धुऊन खाली जातात आणि काही विहिरींत नायट्रेट वाढतं. पावडरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटू शकते. असा निष्कर्ष छापून आला की उद्या कोणीतरी अहवालात संदर्भ म्हणून घालणार.

विभागातल्या एका सहकाऱ्याला मी फक्त एवढंच विचारलं की कोणाच्या आकड्यांत असं स्थिर गुणोत्तर दिसलं तर तुम्ही काय कराल. पेपर दाखवला नाही, गाव सांगितलं नाही. ते म्हणाले, “गाव इथलंच असेल तर जाऊन बाटली भरून आणायची की. त्यात काय!” मोह तर झालाच. काही विहिरी माझ्या घरापासून तासाभराच्या रस्त्यावर होत्या. पण रिव्ह्यूअरने स्वतः चौकशीला निघायचं नाही, संशय संपादकाला कळवायचा. कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स ही संस्था १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी सुरू केली, तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे. गुप्त म्हणून हातात आलेल्या कागदावरचे अक्षांश-रेखांश घेऊन मी गावात उभी राहिले असते तर पेपर कोणाचा हे चहाच्या टपरीवर कळलं असतं.

दुसरा एक सल्ला आला, हस्तलिखित एआयला देऊन टाका, तो रिव्ह्यू लिहून देईल. अप्रकाशित हस्तलिखित परक्या सर्व्हरवर चढवणं म्हणजे गुप्तता मोडणंच. माझ्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनीला शिकायला म्हणूनसुद्धा ते दाखवायचं असेल तर आधी संपादकांची परवानगी घ्यावी लागते आणि तिचं नाव कळवावं लागतं. मी या वेळी तिला दाखवलंच नाही. प्रकरण नाजूक होतं.

लिहायला बसले. फॉर्ममध्ये दोन चौकटी असतात, एक लेखकांसाठी, एक फक्त संपादकांसाठी. लेखकांच्या चौकटीत मी ‘बनावट’ हा शब्द वापरला नाही. कोणी सांगावं, एक्सेलमध्ये सूत्र ओढताना रकाने बिघडले असतील, ऑक्टोबरचा खरा तक्ता दुसऱ्याच फाइलमध्ये पडून असेल. म्हणून प्रश्नच विचारले. दोन्ही हंगामांतलं गुणोत्तर सर्व घटकांसाठी ०.८५ का येतं? सामूची दशांश स्थळं का बदलली? नमुने घेतल्याच्या तारखा आणि प्रयोगशाळेच्या नोंदवहीची पानं जोडावीत. ज्या विहिरींत नायट्रेट ४५ च्या वर आढळलं त्या ग्रामपंचायतींना कळवलं आहे का? हा शेवटचा प्रश्न रिव्ह्यूत बसतो की नाही यावर वाद होऊ शकतो. मी ठेवला. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यात आहेत, ग्रामपंचायतीला नमुना पाठवता येतो, पण आधी तिला कोणीतरी सांगायला तर हवं.

संपादकांच्या चौकटीत संशय स्पष्ट लिहिला आणि भागाकाराचा तक्ता जोडला. अजून एक गोष्ट तिथेच लिहिली. माझा तेरणा खोऱ्यावरचा एक पेपर या कामाशी खरोखर संबंधित होता. रिव्ह्यूअरने स्वतःचे पेपर उद्धृत करायला लावणं हा एक जुना रोग आहे; लेखकाला वाटतं, नाही म्हटलं तर पेपर अडेल. म्हणून लेखकांना काही सुचवलं नाही. संपादकांनाच सांगितलं, तुम्हाला योग्य वाटलं तर तुम्ही सुचवा.

त्याच आठवड्यात एका ओळखीच्या प्राध्यापकांचा फोन.

“मॅडम, काय करायलात? आमच्या एका पोराचा पेपर गेलाय बघा जर्नलला. तुमच्याकडं आलाय म्हणं?”

“सर, रिव्ह्यूबद्दल मी काहीच बोलत नाही. आलेला असला तरी नाही आणि नसला तरी नाही.”

“तसं नव्हं हो. पोराचं प्रमोशन अडकलंय. लई ताणू नका म्हणून सांगायलो.”

मी विषय बदलला, जयंतीच्या कार्यक्रमाचं विचारलं, फोन ठेवला. मग संपादकांना एका ओळीत कळवलं की असा फोन आला होता. त्या मुलाची अडचण खोटी नाही. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.साठी पेपर छापण्याची सक्तीही काढली. पण पदोन्नतीच्या फाइलला छापील पेपर लागतातच, आणि आठवड्यात छापून देतो म्हणणारे व्हॉट्सॲपवर रोज येतात. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकाने मुद्दाम सदोष लिहिलेला एक बनावट पेपर ३०४ जर्नलांना पाठवला होता, त्यातल्या १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. तिथं नीट वाचणारंच कोणी नव्हतं. वाचणारा असला की त्याला फोन येतो, एवढाच फरक.

काही दिवसांनी जर्नलची मेल आली. लेखकांकडे मूळ नोंदी मागितल्या, त्यांनी पेपर मागे घेतला. कारण मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढचं मला खरंच अपेक्षित नव्हतं. तोच पेपर दुसऱ्या जर्नलकडून माझ्याकडेच रिव्ह्यूला आला. शीर्षकातले दोन शब्द मागेपुढे केलेले. मी आधी त्या संपादकांना सांगितलं की हे हस्तलिखित मी दुसऱ्या जर्नलसाठी पाहिलं आहे. तिथं काय झालं ते सांगितलं नाही, ते त्या जर्नलचं. ते म्हणाले, तरीही करा. अशा वेळी जुना अभिप्राय चिकटवायचा नसतो, मजकूर बदललेला असू शकतो म्हणून नव्याने वाचायचं असतं. आणि खरंच बदललेला होता. ऑक्टोबरचा तक्ता पूर्ण गायब. उरला फक्त मे महिना, खऱ्या वाटणाऱ्या टक्केवारीसह, आणि सुरक्षित पाण्याचा निष्कर्षही काढून टाकलेला. एका हंगामाचा, साधासुधा, पण नीट पेपर. मी किरकोळ दुरुस्त्या सुचवल्या, नोंदवहीची पानं पुन्हा मागितली, आणि या वेळी ती आली. शाईचे डाग, खाडाखोड, टायट्रेशनची तीन-तीन वाचनं. ग्रामपंचायतींना पाठवलेल्या पत्राची प्रतही सोबत होती. मी स्वीकारावा असं कळवलं.

या कामाचे पैसे मिळत नाहीत, एक प्रमाणपत्र मिळतं. ते नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलसाठी आयक्यूएसीकडे, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडे, दिलं, तर तिथल्या सरांनी फॉर्म परत पाठवला: ‘रिव्ह्यू केलेल्या पेपरचे नाव’ हा रकाना कोरा आहे. मी लिहून दिलं, सांगता येत नाही. त्यांनी पुन्हा परत पाठवला. सध्या तो फॉर्म माझ्या आणि त्यांच्या टेबलांमध्ये ये-जा करतो आहे.